पाठीवरचे दोन दाणे

नाना, काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी मी लॅब उघडली. उघडली म्हणजे शटर वर केलं, पंखा लावला आणि खुर्चीत बसून राहिलो. तेरा दिवस सतरंज्या घातल्या, सतरंज्या उचलल्या, कपबशा विसळल्या, पाहुण्यांना फाट्यावरून आणलं, फाट्यावर सोडलं, आणि प्रत्येकाला तेच सांगितलं. कसं झालं, किती वाजता झालं, दवाखान्यात कुणी नेलं. सांगून सांगून तोंडाची चव गेली आहे. इथं ते पुन्हा सांगत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांचं ऐकून झालंय.

मला तुमच्याशी मुंगीबद्दल बोलायचंय. तुम्हाला कळलं असेल कोणत्या.

आपण साडू. तुमची बायको थोरली, माझी धाकटी. साडू-साडूंत फार प्रेम असावं अशी कुणाची अपेक्षा नसते, आणि आपणही वीस वर्षं ती मोडली नाही. लग्नाकार्यात जेवायच्या पंगतीत शेजारी बसायचं, सासुरवाडीच्या दोन तक्रारी करायच्या आणि आपापल्या गावी जायचं. तुम्ही गावचे सरपंच, मागे-पुढे चार माणसं. मी सिरसाळ्यात दोन खोल्यांच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त आणि लघवी तपासणारा. तुम्ही माझी ओळख करून द्यायचा, "हे आमचे साडू, डॉक्टर हायत," आणि समोरच्यानं नमस्कार केला की हळूच म्हणायचा, "रगत काढतेत." सगळे हसायचे. मीही हसायचो. पण खरं सांगतो, ते मला कधी आवडलं नाही.

मग तुम्ही निवडणूक हरलात. ओसरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात लावल्या गेल्या, त्या तशाच राहिल्या. त्याच वर्षी एका शनिवारी, बाजाराच्या दिवशी, तुम्ही माझ्या लॅबमध्ये आलात. खुर्चीत बसलात, टोपी गुडघ्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "डॉक्टर, मी बांधावर लघवीला बसलो की पाच मिनटांत मुंग्या येतेत."

मी विचारलं, किती दिवस झाले?

"महिना झाला आसंल. पयल्या बारक्या येतेत. मागून तांबड्या. मग डोंगळे आले की बारक्या पांगतेत. पर तांबड्या हटत न्हाईत, बरं का. लई चिवट जात हाय."

दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी घाबरून आला असता. तुम्ही महिनाभर उभं राहून कोणती मुंगी कोणाला हटवते ते बघत होता. मी रक्त काढलं. साखर भलतीच वाढलेली होती. तसं सांगितलं तर तुम्ही विचार करून म्हणालात, "मंजी मुंग्यान्ला आधी कळलं, तुमाला मागून." आणि पहिल्यांदाच 'रगत काढतेत' हे न म्हणता तुम्ही माझ्याकडून पथ्याचा कागद लिहून घेतलात.

त्यानंतर दर महिन्याच्या एका शनिवारी तुम्ही यायला लागलात. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला तुम्ही मोबाइल पुढं केलात. कुठल्या तरी देशातला एक माणूस काचेच्या नळीत मुंग्या पाळत होता. नळीत तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मधल्या मोकळ्या जागेत एकटी राणी, तोंडाला पुन्हा कापूस. बस्स. त्या एकटीपासून सगळं वारूळ तयार होतं. तुम्ही माझ्या स्टँडमधल्या टेस्टट्यूबकडे बोट दाखवलंत. "ह्याच नळ्या हायत ना? मग द्या की चार. कापूस बी द्या." मी दिल्या. वाटलं, आठवडाभराचं खूळ आहे.

राणी ओळखायची कशी हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी माणसांचं रक्त बघणारा. तुमची पहिली राणी म्हणजे एक दांडगा डोंगळा होता. "डोकं बगा केवढं हाय! राणीच आसनार." ती तीन आठवडे नळीत येरझारा घालत राहिली आणि मेली. तेव्हा मी मोबाइलवर शोधाशोध केली, भिंग घेतलं, मेलेल्या डोंगळ्याला काचपट्टीवर ठेवलं आणि तुम्हाला समजावलं. हे मोठं डोकं कामकरी मुंगीचं. दाणे फोडायला, भांडायला. राणी बघायची तर डोकं नाही, पाठ बघायची. राणीला पंख असतात, ते हलवायला पाठीत मांस लागतं, म्हणून तिची पाठ फुगीर, वर आलेली. पंख तिनं तोडून टाकले तरी ते जिथं होते तिथं खुणा राहतात. कामकरणीची पाठ चिंचोळी. पोटही राणीचं मोठं.

तुम्ही भिंगातून बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "आमच्यात बी लोक डोकंच बगतेत. म्हनून पडलो."

पुढच्या खेपेला तुम्ही बारा राण्या आणल्या. पावसानं उघडीप दिल्यावर विहिरीजवळ जमिनीतून निघालेल्या, लांब पंखांच्या. तुम्हाला इतका आनंद झाला होता की मला बोलायचंच जिवावर आलं. ती वाळवी होती, नाना. मुंगीला कंबर असते, बारीक, दोरा बांधल्यासारखी. वाळवीला नसते. अक्कांना, म्हणजे तुमच्या घरच्यांना, ते कळलं तेव्हा त्यांनी तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "घरात वाळवी पाळतेत का कुनी? कपाटाची दारं खायला?" त्याच्या पुढच्या खेपेला पंखवाले नर आणलेत. बारीक डोकं, मोठे डोळे, दोन दिवसांत मेले. प्रत्येक वेळी तुम्ही यायचा, मी बघायचो, आणि मी सांगायचो, राणी नाही.

हे मला आवडायला लागलं होतं. इथं खोटं बोलण्यात अर्थ नाही. आयुष्यभर ज्याच्यापुढं लोक कामं घेऊन उभे राहायचे तो माणूस माझ्यापुढं नळी धरून उभा राहायचा. राणी कोण आणि कामकरीण कोण हे मी ठरवायचो.

खरी राणी शेवटी अक्कांनी आणली. धुण्याच्या दगडावर चालत होती, एक पंख गळालेला आणि दुसरा लोंबत होता. अक्कांनी तिला वाटीखाली झाकून ठेवलं आणि तुम्हाला हाक मारली. मी भिंगातून बघितलं, फुगीर पाठ, टपोरं पोट. म्हणालो, राणी आहे. तुम्ही अक्कांच्या पाया पडायचं नाटक केलंत, आणि त्या "सरा बाजूला" म्हणून लाजल्या. तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली होती तेव्हा? मी त्यांना तसं लाजताना दुसऱ्यांदा बघितलं नाही.

तिनं अंडी घातली आणि तीन दिवसांत खाऊन टाकली. कारण तुम्ही दर तासाला फडकं काढून बघत होता. मी ओरडलो तुमच्यावर. ही ग्रामपंचायत नाही नाना, येता-जाता डोकवायला. तिला अंधार लागतो आणि एकांत लागतो. तुम्ही शाळेतल्या पोरासारखं ऐकून घेतलंत, आणि घरी जाऊन नळी अक्कांच्या ताब्यात दिलीत. अक्कांनी ती ब्लाउजच्या काळ्या कापडात गुंडाळून ज्वारीच्या कोठीमागे ठेवली आणि तुम्हाला जागा सांगितली नाही. दीड महिना! आणि एका सकाळी तुमचा फोन आला तेव्हा माझी सुई एका बाईच्या दंडात होती. तुम्ही फोनमध्ये ओरडत होता, "झाल्या! पाच झाल्या!" त्या बाईनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, आमच्या साडूला पाच झाल्या. ती म्हणाली, "एकदमच? बाई!" मी तिला खरं सांगितलं नाही. ती अजून अधूनमधून विचारते, पाचही बऱ्या हायत ना म्हणून.

ते दिवस चांगले होते, नाना. माझ्या या दोन खोल्यांत दिवसभर माणसं येतात ती भीती घेऊन येतात. रिपोर्ट हातात घेताना प्रत्येकजण माझ्या तोंडाकडे बघतो. शनिवारी दुपारी तुम्ही यायचा, मुनीरच्या टपरीवरून बिनसाखरेचा चहा यायचा, मेडिकलवाला प्रकाश शेजारून डोकवायचा, आणि आपण दोघं मायक्रोस्कोपवर डोकं लावून मुंगीचा पाय बघायचो. तुमची साखरही उतरत होती. तुम्ही मुंग्यांसाठी शेतात चालायचा, त्यानं उतरत होती, गोळ्यांनी नाही. मी हे तुम्हाला कधी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. वीस वर्षांत जो साडू मिळाला नव्हता तो मला त्या दोन वर्षांत मिळाला.

आणि मग तो गेल्या भाद्रपदातला शनिवार.

तुम्हाला बांधाच्या उतारावर एक बीळ सापडलं होतं. तोंडाशी काटक्या, पिसं, मेलेल्या मुंग्यांची डोकी असं काहीबाही रचून ठेवलेलं. आत काळ्या, लांब, सडसडीत मुंग्या, अंगावर बारीक रेघा कोरल्यासारख्या. तुम्ही आठवडाभर खोदलंत. चाळीसेक मुंग्या निघाल्या, कोश निघाले, आणि राणी काही निघाली नाही. तुम्ही सगळ्यांना मातीसकट काचेच्या बरणीत भरलंत आणि बघत बसलात. बघता बघता तुमच्या लक्षात आलं की एक जण जवळ आली की बाकीच्या अंग चोरतात. दिसायला अगदी बाकीच्यांसारखी. तेवढीच लांब, तेवढीच बारीक. आणि तुम्ही तिला अंडं घालताना बघितलंत.

तिला नळीत घालून तुम्ही आलात. लॅबमध्ये गर्दी होती. बाकावर दोन पेशंट, दाराशी मुनीर कप घेऊन, प्रकाश नेहमीसारखा चौकटीला टेकून. मी सकाळपासून उभा होतो, मशीन दोनदा बंद पडलं होतं, कुणाचा तरी रिपोर्ट कुणाला तरी गेला होता आणि त्यावरून बोलणी खाल्ली होती. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, राणी घावली."

मी भिंग घेतलं. पाठ चिंचोळी. पंखांची खूण नाही. पोट लहान. म्हणालो, राणी नाही ही.

"अंडं घातलंय हिनं. मी बगितलंय."

दुसरीनं घातलं असेल.

"न्हाई. हीच व्हती. आन हे बगा, हिच्या पाठीवर दोन्ही बाजूला दोन दाणे हायत. बारीक, गुलाबी. बाकी कुनालाच न्हाईत. मी चाळीसच्या चाळीस बगितल्यात. बाकीच्यांच्या तिथं नुसता डाग हाय."

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि तुम्ही चाळीस मुंग्यांच्या पाठी भिंगातून तपासल्या होत्या. मी मायक्रोस्कोपखाली तिला धरलं, मोबाइल लावून फोटोही काढला. दाणे होते. मी ते बघितले. आणि म्हणालो, गोचीड असेल, नाहीतर माती.

"माती दोन्हीकडं सारखीच कावून बसल?"

तुम्ही वाद घालत होता म्हणून नाही, तुमचा मुद्दा बरोबर होता म्हणून मी चिडलो. माझ्याकडे एक नियम होता, फुगीर पाठ आणि पंखांची खूण, तो मीच तुम्हाला शिकवला होता, आणि तुम्ही चारचौघांत तो मोडायला निघाला होता. मी नळी तुमच्या हातात दिली आणि म्हणालो, "नाना, ही राणी न्हाई. ही माजी सरपंच हाय. हुद्दा गेला, पर बाकीच्यांनी अजून बाजूला सरावं वाटतंय तिला."

मुनीर इतका हसला की कपातला चहा सांडला. प्रकाश हसला. पेशंट हसले. आणि सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसलात. "झकास हानला डॉक्टर," असं म्हणालात, नळी खिशात घातलीत, आणि गेलात. तुमचा रिपोर्ट टेबलावरच राहिला.

मला वाटलं, पुढच्या महिन्यात याल.

तुम्ही दसऱ्याला आला नाहीत. दिवाळीत सासुरवाडीत आपण समोरासमोर बसलो, तुम्ही सोयाबीनबद्दल बोललात, पाण्याबद्दल बोललात, मीही बोललो. मुंग्यांचं नाव तुम्ही काढलं नाही आणि मी काढलं नाही. शुगर कुठं बघता असं विचारावं वाटलं होतं. पण म्हटलं अंबाजोगाईला बघत असतील, तिकडं मोठ्या लॅब आहेत. मी असं धरून चाललो. धरून चालणं सोपं असतं.

संक्रांतीच्या सुमाराला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आईचं रक्त द्यायला आल्या. सुट्टीला माहेरी आल्या होत्या. बोलता बोलता मी त्यांना मुंग्यांचे फोटो दाखवले. खरं तर फुशारकी मारायला, की बघा आमच्या इथं लोक कशालाही राणी म्हणतात. त्यांनी तुमच्या मुंगीचा फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "कुणी ओळखली ही?"

मी म्हणालो, का?

त्या म्हणाल्या, या जातीत पंखवाली राणी नसतेच. सगळ्या कामकरणीच. पण जन्मताना प्रत्येकीच्या पाठीवर असे दोन दाणे असतात. जी आधीपासून आई झालेली असते ती बाकीच्यांचे दाणे चावून तोडून टाकते. जिचे शाबूत तीच अंडी घालते. पुस्तक न वाचता हे ज्यानं ओळखलं त्याचं कौतुक आहे, म्हणाल्या.

मी म्हणालो, आमचे साडू आहेत.

त्याच दिवशी संध्याकाळी मी मोटारसायकलवर तुमच्या गावच्या फाट्यापर्यंत आलो होतो. एका घरून सॅम्पल घ्यायचं होतं. फाट्यावर गाडी हळू केली. पाच मिनिटांचा रस्ता. पण दमलो होतो. आणि काय म्हणायचं ते जुळत नव्हतं. तुमचं बरोबर होतं एवढंच म्हणायचं होतं, पण ते म्हटलं की मागचंही सगळं काढावं लागलं असतं, तो विनोद, ते हसणं, टेबलावर राहिलेला रिपोर्ट. रविवारी निवांत जाऊ म्हटलं. गेअर बदलला आणि पुढं गेलो.

रविवारी एक लग्न निघालं. पुढच्या रविवारी मला ताप होता. सोळा दिवस मला ठाऊक होतं, नाना, आणि सोळा दिवस मी आलो नाही. सतराव्या दिवशी अक्कांचा फोन आला.

अंबाजोगाईला दवाखान्यात तुम्हाला आत नेलं होतं आणि आम्ही बाहेर उभे होतो. एक तरुण डॉक्टर आला, कागद बघत म्हणाला, यांची तीन महिन्यांची शुगर शेवटची कधी बघितली होती? अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटत होतं मला माहीत असेल. मी तुमचा साडू, मी लॅबवाला. मी म्हणालो, भाद्रपदात.

पुढं काय झालं ते सगळ्यांना सांगून झालंय.

दहाव्याच्या आदल्या दिवशी अक्कांनी मला आत बोलावलं. ज्वारीच्या कोठीमागून बरणी काढली, त्याच काळ्या कापडात गुंडाळलेली. "ह्यात जित्या हायत अजून. म्या पानी घालतीय कापसावर. ते असतानी रोज किडे टाकायचे. आता काय करू ह्याचं?" मी कापड काढलं. चाळीस नव्हत्या, शंभरावर असतील. पिवळट कोश एका कोपऱ्यात नीट रचलेले. एक जण कोशांवर उभी होती आणि बाकीच्या तिला वळसा घालून जात होत्या. भिंग मागवायची माझी हिंमत झाली नाही. गरजही नव्हती.

मी तिथंच कोठीला टेकून बसलो आणि अक्कांना सगळं सांगितलं. भाद्रपदातलं, त्या बाईंचं, फाट्याचं. अक्कांनी ऐकलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नऊ दिवसांत त्या रडून रडून कोरड्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "त्या शनवारी घरी आले तवा भाकर खाल्ली न्हाई. म्हनले, साडूनं लई हसवलं आज. पोट भरलं म्हनले." मग बरणीला पुन्हा कापड गुंडाळलं. "मला कावून सांगता भाऊजी? तुमी चारचौघांत बोललाव. चारचौघांतच सांगा."

मी त्यांना शब्द दिला. म्हणून आज लॅब उघडली, नाही तर आजही उघडली नसती.

दहाच्या सुमाराला मुनीर चहा घेऊन आला. त्यानं न विचारता दोन कप आणले आणि दुसऱ्याकडे बघून परत उचलायला लागला. मी म्हणालो, राहू दे. प्रकाशला हाक मारली, तो आला, चौकटीला टेकला. बाकावर एक म्हातारी उपाशीपोटी रक्त द्यायला बसली होती. त्या दिवसाचे पेशंट आता कुठून आणू? चार माणसं झाली एवढं बघितलं आणि म्हणालो, नानांबद्दल एक बोलायचंय. भाद्रपदात नाना एक मुंगी घेऊन आले होते, आठवतं का?

प्रकाश म्हणाला, "ते तर दर बाजाराला आनायचे."

ती लांब काळी. त्या दिवशी आपण हसलो होतो.

मुनीरनं डोकं खाजवलं. "कवा? मी व्हतो का तवा?"

तू चहा सांडलास, म्हणालो.

"मी तर रोजच सांडतो डॉक्टर."

कुणालाच आठवत नव्हतं, नाना. ज्या हसण्यापायी तुम्ही माझ्या दाराशी यायचे बंद झालात ते त्यांच्या लेखी झालंच नव्हतं. मग मला पहिल्यापासून सांगावं लागलं. बरणी, चाळीस मुंग्या, पाठीवरचे दोन दाणे, आणि मी काय म्हणालो ते. तो विनोद मला माझ्या तोंडानं पुन्हा करावा लागला, शब्दाला शब्द, नाही तर पुढचं कळलं नसतं. आणि मी 'माजी सरपंच' म्हणालो तेव्हा ते हसले. मुनीर हसला, प्रकाश हसला, ती म्हातारीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. वाईट मनानं नाही. त्यांना ते नव्यानं मजेशीर वाटलं. या वेळी हसण्यात तुमचा आवाज नव्हता, म्हणून मला बाकीच्यांचा स्वच्छ ऐकू आला.

मी थांबलो. त्यांचं हसू उतरेपर्यंत थांबलो. मग म्हणालो, नानांचं बरोबर होतं. ती राणीच होती, त्या जातीत राणी तशीच असते. त्यांनी स्वतःच्या डोळ्यानं ओळखलं होतं आणि मी चूक होतो. कॉलेजातल्या बाईंनी मला महिन्यापूर्वी सांगितलं.

प्रकाशनं चौकटीवरचा खांदा काढला आणि सरळ उभा राहिला. मुनीर कप गोळा करायला वाकला होता, तो तसाच मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "मग सांगितलं का तुमी नानाला? जित्तेपनी?"

बाकावरची म्हातारीही माझ्याकडे बघत होती.

"न्हाई," मी म्हणालो. चारचौघांत म्हणालो.